हिऱ्याची धार, स्फटिकाची मर्जी

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला ‘झिरो बावन्न चौतीस’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ठिबकमधून सोडायचे, नाहीतर पंपाने फवारायचे ते पांढरे विद्राव्य खत. नत्र शून्य, स्फुरद ५२ टक्के, पालाश ३४ टक्के. रासायनिक नाव मोनो पोटॅशियम फॉस्फेट. हाच पदार्थ अतिशुद्ध करून त्याच्या द्रावणातून सावकाश वाढवला की काचेसारखा नितळ स्फटिक तयार होतो, आणि मग प्रकाशशास्त्राच्या दुनियेत त्याला केडीपी म्हणतात.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत नॅशनल इग्निशन फॅसिलिटी नावाचे प्रचंड लेसर केंद्र आहे. तिथले १९२ झोत एका छोट्या लक्ष्यावर एकवटतात. ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथे २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा खर्ची घालून अणुसंमीलनातून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली, ही बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही पहिल्या पानावर होती. त्या बातमीत केडीपीचा उल्लेख बहुधा नव्हता. हे झोत निघतात तेव्हा अवरक्त असतात, १०५३ नॅनोमीटर तरंगलांबीचे. लक्ष्यावर पोचण्याआधी त्यांना अतिनील, म्हणजे ३५१ नॅनोमीटरचे करावे लागते, आणि हे रूपांतर केडीपी व त्याचेच ड्यूटेरियमयुक्त भावंड यांच्या तक्त्यांमध्ये होते. तक्ती साधारण ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीची आणि सेंटिमीटरभर जाडीची. असे सुमारे ६०० तुकडे त्या केंद्राला लागले. त्यासाठी तीनशे किलोंच्या वरचे स्फटिक वाढवले गेले. जुन्या पद्धतीने एवढ्या स्फटिकाला दोन वर्षांच्या आसपास वेळ लागला असता. मॉस्कोत सुरू झालेल्या आणि लिव्हरमोरमध्ये पूर्णत्वाला गेलेल्या जलद वाढीच्या तंत्राने ते काम दोनेक महिन्यांवर आले. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही केडीपीचे स्फटिक वाढवले जातात.

स्फटिक वाढवणे ही अर्धी गोष्ट. तो कापून त्याचा पृष्ठभाग काही नॅनोमीटरपर्यंत गुळगुळीत करणे ही उरलेली अर्धी, आणि माझ्या मते जास्त चिवट.

काच गुळगुळीत कशी करतात हे ठरून गेलेले आहे. सिरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवायची आणि तासन्‌तास घासत बसायचे. केडीपीला हे चालत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात तो २० ग्रॅमच्या वर विरघळतो. कठीणपणा मोहच्या मापावर अडीच, म्हणजे आपल्या नखाइतका. त्यामुळे पॉलिशच्या पुडीचे कण त्याच्या अंगात रुतून बसतात. ते रुतलेले कण पुढे लेसरचा मारा शोषून घेतात आणि तिथूनच स्फटिक फुटायला लागतो. शिवाय एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार झाला तर तो तडकतो. खतात हे गुण चालतात, नव्हे, विरघळणे तर हवेच असते. प्रकाशयंत्रात हेच दोष.

म्हणून अशा स्फटिकांना पॉलिश न करता थेट हिऱ्याच्या एका टोकाने कापतात. यंत्र तत्त्वतः लेथच. फक्त स्पिंडल हवेच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, खालचा पाया ग्रॅनाइटचा असतो, आणि टूलच्या टोकाला एकस्फटिकी हिरा बसवलेला असतो. त्याच्या धारेची गोलाई काही दशके नॅनोमीटर असते. जर्मेनियम, सिलिकॉन, कॅल्शियम फ्लोराइड, झिंक सेलेनाइड यांची भिंगेही अशीच घडतात. रात्रीच्या अंधारात माणसाची उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचे भिंग बहुतेक वेळा जर्मेनियमचे असते, आणि त्याच्या पृष्ठभागावरून हिऱ्याचे टोक फिरलेले असण्याची शक्यता दाट.

आता प्रश्न असा, की यंत्र कसे चालवले म्हणजे पृष्ठभाग चांगला येतो?

पुण्या-कोल्हापूरकडच्या कुठल्याही टर्नरला याचे पहिले उत्तर माहीत असते. टूलचे टोक गोल असते. कामाचा तुकडा एक फेरा घेतो तेवढ्यात टूल थोडे पुढे सरकते. त्या सरकण्याला फीड म्हणायचे. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक बारीक उंचवटा शिल्लक राहतो. त्याची उंची काढायचे सूत्र सोपे आहे: फीडचा वर्ग भागिले टोकाच्या त्रिज्येची आठपट. फीड १० मायक्रोमीटर आणि टोकाची त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर उंचवटा साडेबारा नॅनोमीटरचा. फीड निम्मे केले आणि त्रिज्या ५ मिलिमीटरची घेतली तर तो ०.६ नॅनोमीटरवर येतो, म्हणजे जेमतेम दोन-तीन अणूंच्या उंचीवर. कागदावर प्रश्न सुटला.

तांबे किंवा ॲल्युमिनियम असते तर खरोखरच बराचसा सुटला असता. स्फटिकाच्या बाबतीत मात्र हे सूत्र जवळपास निरुपयोगी ठरते, कारण ते फक्त टूलचा आकार विचारात घेते. स्फटिकाला काय वाटते ते विचारतच नाही. सूत्राप्रमाणे १० नॅनोमीटर यायला हवेत तिथे सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोमीटरभर खोल खड्डे दिसतात, कपच्या उडालेल्या दिसतात.

ठिसूळ पदार्थाला कापण्याच्या दोन तऱ्हा आहेत. गुळाच्या ढेपेवरून सुरी अलगद ओढली तर कीस निघतो; तीच सुरी जोरात घातली तर खडा फुटून येतो आणि मागे खोबण राहते. स्फटिकाचेही तेच, फक्त कीस आणि खडा यांच्यातली सीमारेषा कमालीची पातळ आहे. सिलिकॉन-जर्मेनियममध्ये ती काही दशके नॅनोमीटरपासून शे-दीडशे नॅनोमीटरच्या आसपास असते. निघणाऱ्या किसाची जाडी तिच्या आत राहिली तर ठिसूळ स्फटिकही धातूसारखा वळतो, त्याची लांब रिबन निघते. जाडी ओलांडली की भेगा पडतात.

एरवी चिमट्यात मोडणारे सिलिकॉन धातूसारखे का वागते, याचे उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते. हिऱ्याच्या धारेखाली दाब १० ते १२ गिगापास्कलपर्यंत चढतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या लाखपट. एवढ्या दाबाखाली सिलिकॉनच्या अणूंची मांडणीच बदलते; ते खऱ्या अर्थाने धातुरूप होते. धार पुढे गेली, दाब उतरला, की ते परत मूळ मांडणीला जात नाही. घाईत विस्कळीतच थिजते. म्हणून हिऱ्याने कापलेल्या सिलिकॉनचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत असला तरी त्यावर अस्फटिकी थर असतो. रामन वर्णपटात शुद्ध स्फटिकाची ५२१ तरंगांकाजवळची टोकदार रेष आणि तिच्याशेजारी ४७० च्या आसपासचा पसरट उंचवटा, असे दोन्ही एकदम दिसले की समजायचे, वरचा थर बदललेला आहे. चकाकी हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे.

दाबाचे हे गणित जुळावे म्हणून टूलचा माथा उलटा कलता ठेवतात. धातू कापताना धार पुढे झुकलेली, पदार्थाखाली शिरणारी असली तर बरे पडते. स्फटिकाला तशी धार लावली तर ती त्याला उचकटते, ताण देते, आणि भेग ताणातूनच पळते. म्हणून रेक अँगल ऋण ठेवायचा: जर्मेनियम-सिलिकॉनसाठी साधारण उणे २५ अंशांपासून पुढे, केडीपीसाठी उणे ४५ च्या आसपास. धार मग उचकटण्याऐवजी दाबते. जास्त बळ लागते, पण भेगेचे तोंड बंद राहते.

फीड, कटची खोली आणि वेग या तीन गोष्टी यंत्र चालवणाऱ्याच्या हातात असतात. साध्या लेथवर ठिसूळ वस्तू आली की माणूस आधी कट कमी करतो. इथे ती सवय फसवते. टोक गोल असल्यामुळे किसाची जाडी सगळीकडे सारखी नसते; तळाशी, जिथे अंतिम पृष्ठभाग घडतो, ती शून्य असते आणि वरच्या कडेला सर्वांत जास्त. १ मिलिमीटर त्रिज्येचे टूल, ५ मायक्रोमीटर खोल कट आणि २ मायक्रोमीटर फीड घेतले, तर वरच्या कडेला कीस सुमारे २०० नॅनोमीटर जाड होतो. कट निम्मा करा, जाडी १४१ वर येते. फीड निम्मे करा, ती १०० वर येते. वर्गमूळ आणि साधा गुणाकार यांतला हा फरक आहे, पण भेगेच्या सीमारेषेवर तोच निर्णायक ठरतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिली. कट चालू असताना टूल मध्येच झटकन मागे घेतले आणि अर्धवट कापलेला खांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर वरच्या भागात चक्क भेगा पडलेल्या दिसतात. खाली तळाशी पृष्ठभाग नितळ. म्हणजे चांगल्या कामातही स्फटिक फुटतच असतो. फक्त फुटलेला भाग अंतिम पृष्ठभागाच्या वर असतो आणि टूलचे पुढचे फेरे तो खरवडून नेतात. फीड वाढवले की जाडीची ती सीमारेषा खाली सरकते, तळाजवळ येते, आणि भेगांची मुळे कायमच्या पृष्ठभागात शिल्लक राहतात. म्हणून या कामात पहिला प्रश्न ‘कट किती?’ हा नसून ‘फीड किती?’ हा आहे. वेगाचा परिणाम या दोघांच्या मानाने पुष्कळ कमी. तो मुख्यतः तापमान आणि कंपन यांच्या वाटेने आत शिरतो.

मग फीड शक्य तितके कमी करून मोकळे का होऊ नये? कारण हिरा झिजतो. १० सेंटिमीटर व्यासाचे भिंग २ मायक्रोमीटर फीडने कापायचे तर धारेला त्याच्या अंगावरून जवळपास ४ किलोमीटर चालावे लागते. फीड १ मायक्रोमीटर केले की ८ किलोमीटर. जर्मेनियम त्यातल्या त्यात सोशिक. सिलिकॉन हिऱ्याला चांगलेच खाते. धार बोथट झाली की ती कापण्याऐवजी घासू लागते, खालचा थर दुखावते, आणि भिंगाच्या कडेपाशी छान आलेला पृष्ठभाग मध्याकडे जाता जाता बिघडतो. कीस धारेच्या गोलाईपेक्षाही पातळ झाला तरी हेच होते: टूल पदार्थाला नुसते चेपत जाते. तेव्हा फीडला खालची मर्यादा आहे, वरचीही आहे, आणि चांगले काम त्या दोहोंमधल्या अरुंद पट्टीत होते. ती पट्टी कुठे आहे हे प्रत्येक स्फटिकाचे आणि प्रत्येक टूलचे वेगळे.

शिवाय एकाच स्फटिकातही दिशा बदलली की सगळे बदलते. ज्या प्रतलाला १११ म्हणतात त्यावर कापलेली जर्मेनियमची चकती तिरप्या प्रकाशात धरून पाहावी. परिस्थिती थोडी जरी सीमेपलीकडे गेली असेल तर तिच्यावर तीन अंधूक पाकळ्या आणि त्यांच्यामध्ये तीन चकचकीत पाकळ्या दिसतात. १०० प्रतलावर कापलेली असेल तर चार. यंत्रात काही बिघाड नाही. टूल एका फेऱ्यात स्फटिकाच्या सगळ्या दिशांना सामोरे जाते, आणि त्यातल्या काही दिशांना तो सहज दुभंगतो. कॅल्शियम फ्लोराइडचे १११ वर असेच तीन विभाग पडतात, वर तो तापला की खूप प्रसरण पावतो आणि फार लवकर तडकतो. कारागिराला फीड सगळ्यात चांगल्या दिशेचे पाहून ठरवता येत नाही. सर्वांत नाठाळ दिशा पाहून ठरवावे लागते.

केडीपीच्या तक्त्यांसाठी यावर एक चतुर तोड काढली आहे. तिथे स्फटिक फिरवतच नाहीत. तो टेबलावर बसून सावकाश पुढे सरकतो, आणि हिरा एका मोठ्या चकतीच्या कडेला बसवून ती चकती फिरवतात. प्रत्येक फेऱ्याला धार तक्तीवरून एक मोठा, जवळपास सरळ कंस काढत जाते. याला फ्लायकटिंग म्हणतात. कापण्याची दिशा तक्तीभर साधारण एकच राहते, म्हणून स्फटिक अशा कोनात बसवता येतो की त्याची चांगली दिशा धारेसमोर यावी. लेथवर मध्यबिंदूजवळ कापण्याचा वेग शून्यावर येतो आणि तिथे नेहमी एक बारीक खोड राहते. इथे मध्यबिंदूच नाही. चौकोनी, सपाट, नाजूक तुकड्याला याहून चांगली पद्धत माझ्या पाहण्यात नाही. पाण्याचे कूलंट अर्थातच वर्ज्य. तेल वापरतात, आणि मग ते तेल विरघळणाऱ्या स्फटिकावरून डाग न ठेवता काढायचे कसे, ही स्वतंत्र डोकेदुखी होऊन बसते.

आता उरले यंत्राच्या आसपासचे जग. लिव्हरमोरमध्येच काम केलेले जेम्स ब्रायन हे अचूक यंत्रनिर्मितीतले मोठे नाव. त्यांचा आग्रह असा, की यंत्राच्या चुकीला योगायोग म्हणू नका. प्रत्येक चुकीला कारण असते, पुरेसा वेळ आणि पैसा दिला तर ते सापडते. आणि बहुतेक वेळा ते कारण तापमान असते. १ मीटर लांबीचे पोलाद १ अंश तापले तर सुमारे १२ मायक्रोमीटर वाढते. म्हणजे अंशाच्या शंभराव्या हिश्शाने १२० नॅनोमीटर, आणि इथे तर आपण पाच-दहा नॅनोमीटरच्या गोष्टी करतो आहोत. म्हणून ब्रायन यांनी आख्ख्या यंत्रावर स्थिर तापमानाच्या तेलाचा पाऊस पाडण्याची व्यवस्था केली. ऐकायला अघोरी वाटते, पण उपाय लागू पडला.

कारण शोधायचे कसे, त्याचे एक उदाहरण. समजा, भिंगावर दर अर्ध्या मिलिमीटरला एक फिकट लाट दिसते. फीड २ मायक्रोमीटर होते, म्हणजे एका लाटेला २५० फेरे. स्पिंडल मिनिटाला १,००० फेरे घेत असेल तर एका लाटेला १५ सेकंद. आता खोलीत दर १५ सेकंदांनी काय घडते ते शोधा: तेलाचा पंप चालू-बंद होतो का, वातानुकूलन यंत्राचा झोत बदलतो का, हवेच्या दाबात चढउतार आहे का. हा हिशेब चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या करता येतो आणि महागड्या मापनयंत्राइतकेच काम करून जातो.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर प्रकाश विखुरू नये म्हणून. विखुरण्याचे प्रमाण खडबडीतपणाच्या वर्गाने वाढते आणि तरंगलांबीच्या वर्गाने घटते. १०५३ वरून ३५१ नॅनोमीटरवर, म्हणजे एक तृतीयांशावर आलो, की तोच पृष्ठभाग नऊपट प्रकाश उधळतो. उलट थर्मल कॅमेरा १० मायक्रोमीटरच्या आसपास पाहतो. केवळ तरंगलांबीचा विचार केला तर तिथे विखुरणे अतिनीलच्या मानाने सुमारे ८०० पटींनी कमी. म्हणून जर्मेनियमच्या भिंगावर टूलच्या खुणा राहिल्या, उजेडात इंद्रधनुषी रंग उमटले, तरी कॅमेऱ्याला त्याची फारशी क्षिती नसते. तेच रंग अतिनील लेसरच्या तक्तीवर दिसले तर ती तक्ती परत पाठवावी लागेल.

आणि इथेच खरेदीच्या कागदावरचा एक आकडा घात करतो. पृष्ठभागाची गुणवत्ता सांगताना बहुतेक जण सरासरी खडबडीतपणा, म्हणजे आरए, एवढाच लिहितात. पण दर २ मायक्रोमीटरला येणारी खूण आणि दर ५ मिलिमीटरला येणारी लाट, दोन्हींची सरासरी एकच भरू शकते. पहिली प्रकाशाला मोठ्या कोनात बाजूला फेकते. दुसरी झोताच्या आत राहून त्याचा काही भाग जास्त तीव्र करते, आणि शक्तिमान लेसरमध्ये हीच तीव्रता पुढच्या काचा जाळते. पृष्ठभागाखालच्या भेगांविषयी तर आरए अवाक्षर काढत नाही. जर्मेनियमचे असो की केडीपीचे, हिऱ्याने कापलेला तुकडा मागवणाऱ्याने आरएच्या आकड्यासोबत तीन गोष्टी लेखी मागाव्यात: स्फटिकाचे कोणते प्रतल वर आहे, लाटांची उंची त्यांच्या लांबीनुसार किती आहे, आणि पृष्ठभागाखालची इजा कशी तपासली. हे देता येत नसेल त्याच्याकडून अतिनील लेसरसाठीचा माल घेऊ नये.